आत घेईना गेलंय

लातूरच्या शाखेतून सकाळी साडेनऊ-दहाला फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं : "सर, आत घेईना गेलंय." कॉम्प्युटर आत घेत नाही, म्हणजे लॉगिन होत नाही. नांदेडला वजिराबादेतल्या आमच्या मुख्य कार्यालयात बसून हे वाक्य मी बारा-तेरा वर्षं ऐकलं. आमची एक मध्यम आकाराची नागरी सहकारी पतसंस्था. नांदेडला २६ कॉम्प्युटर, लातूरला औसा रोडच्या शाखेत ११. या ३७ यंत्रांपुढे कोणी बसायचं, कोणी कुठलं फोल्डर उघडायचं आणि कुठल्याला हात लावायचा नाही, हे ज्या एका यादीवरून ठरतं, ती यादी मी सांभाळत होतो. तिला डिरेक्टरी म्हणतात. पण ती येण्याआधीचे दिवस आधी सांगितले पाहिजेत.

२०१० साली मी रुजू झालो तेव्हा प्रत्येक कॉम्प्युटर म्हणजे वेगळं संस्थान होतं. सगळ्यांवर 'ऑफिस' नावाचा एकच युजर आणि पासवर्ड म्हणजे संस्थेच्या स्थापनेचं साल. ते साल दारावरच्या पाटीवरच रंगवलेलं होतं. नवा माणूस लागला की त्याला खुर्ची दाखवायची, बस्स. कोणी सोडून गेला तरी काही करायचं नसायचं, कारण त्याचं असं आत काही नव्हतंच. सगळ्यांना हे सोयीचं वाटायचं. मलाही वाटायचं.

पुढच्या वर्षी सर्वसाधारण सभेच्या तोंडावर थकबाकीदारांची यादी छापायला घेतली, तर तीन नावं गायब. यादी सामायिक फोल्डरात होती. कुणीतरी त्या ओळी काढून फाईल पुन्हा साठवली होती. लेखापरीक्षकांनी विचारलं, फाईल शेवटची कोणी बदलली? मी पाहिलं. तिथे लिहिलं होतं, 'ऑफिस'. नांदेडच्या कार्यालयातला प्रत्येक माणूस 'ऑफिस' होता. ज्या कॉम्प्युटरवरून बदल झाला, त्याच्या शेजारी वसुली विभागातला एक तरुण कारकून बसायचा. संशय त्याच्यावर गेला. तोंडावर कोणी काही म्हटलं नाही, पण चहाला जाताना त्याला हाक मारणं बंद झालं. सहा महिन्यांत तो नोकरी सोडून पुण्याला गेला. त्याने काही केलं असेल असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं. पण त्याच्या बाजूने पुढे करायला माझ्याकडे एक ओळसुद्धा नव्हती. चोर सापडला नाही, याचं मला फारसं वाटलं नाही. तो मुलगा निर्दोष आहे हे सांगता आलं नाही, ते मात्र लागून राहिलं.

२०१२ मध्ये मी सचिव साहेबांकडे सर्व्हरची मागणी केली, ती या एका कारणासाठी. त्यांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "यानं त्या वेळचं कळेल का?" म्हटलं, नाही साहेब, पुढचं कळेल. त्यांनी सही केली.

डिरेक्टरीची कल्पना तशी साधी आहे. प्रत्येक कॉम्प्युटरने आपापली वही ठेवण्याऐवजी सगळ्यांनी एकाच मस्टरला विचारायचं : हा माणूस आपला आहे का, आणि त्याला काय काय करायची मुभा आहे? टेलिफोनच्या जगातल्या तज्ज्ञांनी १९८८ साली एक्स-५०० नावाचं यासाठीचं मानक ठरवलं, पण ते त्या काळच्या लहान यंत्रांना झेपेना. मग १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात त्याची हलकी आवृत्ती निघाली, एलडॅप; त्या नावातला पहिला शब्दच 'लाइटवेट' आहे. मायक्रोसॉफ्टने तिच्या आधारावर विंडोज २००० सोबत अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आणली. आम्ही घेतली ती तीच, २००८ आर-टू या सर्व्हरवरची. ज्या संस्थांना परवान्याचे पैसे झेपत नाहीत त्यांना आता तीच सोय सांबा या मोफत प्रणालीत मिळते. डिसेंबर २०१२ मध्ये आलेल्या तिच्या चौथ्या आवृत्तीपासून. मराठवाड्यातल्या पतसंस्थांनी आणि महाविद्यालयांनी ती जरूर पाहावी. जुना एखादा कॉम्प्युटर आणि शिकायची तयारी असलेलं एक माणूस, एवढ्यात काम उभं राहतं.

सकाळी एकदा पासवर्ड टाकला की सर्व्हर माणसाला एक तिकीट देतो. ते एरवी दहा तास चालतं. पुढे फोल्डर उघडा, प्रिंट काढा, दर वेळी पासवर्ड सांगायचा नाही, तिकीट दाखवायचं. लातूरच्या शाखेतल्या एका मॅडमना मी हे एसटीच्या पासवरून समजावलं होतं आणि त्यांनी पुढे सगळ्या शाखेला तसंच समजावलं.

खरं काम सुरू झालं ते नावांपाशी. युजर तयार करायच्या खिडकीत तीन रकाने असतात : पहिलं नाव, आद्याक्षरं, आडनाव. आमच्याकडे माणूस वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावाशिवाय पुरा होत नाही, आणि त्या नावाला तिथे जेमतेम आद्याक्षराची जागा. नांदेडलाच तीन संजय जाधव होते. त्यांतल्या दोघांच्या वडिलांचं नावही एकाच अक्षराने सुरू व्हायचं. शिवाय लॉगिनचं जुन्या पद्धतीचं नाव वीस अक्षरांपलीकडे जात नाही. ज्ञानेश्वर आणि सूर्यवंशी एकत्र आले की रोमन लिपीत मधल्या टिंबासकट तेवीस अक्षरं होतात. मग काय कापायचं, ज्ञानेश्वर की सूर्यवंशी?

आणि आडनाव म्हणजे नक्की काय? आमच्या भागात शेख, सय्यद हे नावाआधी लिहितात. मस्टरवर, रेशनकार्डावर, सगळीकडे. तो शब्द शेवटच्या रकान्यात ढकलला तर माणसाचं नाव उलटं होतं. नांदेड हुजूर साहिबचं गाव. इथली कित्येक शीख घराणी 'सिंह' किंवा 'सिंग' न लिहिता 'सिंघ' लिहितात आणि त्यांना ते तसंच हवं असतं. पहिल्या आठवड्यात मी मस्टरवरून भराभर नावं चढवली होती. एका सकाळी आमच्या रोखपालांनी स्क्रीनकडे पाहून शांतपणे म्हटलं, "हे माझं नाव नाही." मी सगळी नावं पुसली. एक कागदी फॉर्म केला, मराठीत, वर एकच प्रश्न : तुम्ही तुमचं नाव कसं लिहिता? तो ३७ जणांकडून भरून घ्यायला दोन आठवडे लागले. लॉगिनसाठी आडनावाची चार अक्षरं आणि पगारपत्रकावरचा क्रमांक ठेवला. स्क्रीनवर दिसायचं नाव मात्र ज्याने जसं लिहून दिलं तसं, अख्खं, देवनागरीत. डिरेक्टरी देवनागरी बिनतक्रार साठवते, पण तिथे ती कोणी वापरत नाही याचं मला आजही नवल वाटतं. आवक-जावक नोंदवणारे आमचे मामा मराठीतच सही करायचे. पहिल्या दिवशी लॉगिन झाल्यावर स्वतःचं नाव वाचून ते खुर्चीवर जरा सरळ बसले, ते मी पाहिलंय.

२०१४ मध्ये कर्ज विभागातल्या एका मॅडमचं लग्न झालं आणि नाव बदलायचा अर्ज आला. त्यांना वाटत होतं, नाव बदललं की जुन्या फाईली जातील. तसं होत नाही. डिरेक्टरी माणसाला नावाने ओळखतच नाही. खातं उघडताना ती त्याला एक लांबलचक क्रमांक देते आणि सगळे हक्क त्या क्रमांकावर लिहिले जातात. नाव, आडनाव, पत्ता काहीही बदला, क्रमांक तोच राहतो. हे मी त्यांना ठामपणे सांगू शकलो, कारण त्याची उलटी बाजू मी आधीच भोगली होती. पहिल्याच वर्षी एक जण लांब रजेवर गेले. ते सोडून गेले असं कानावर आलं आणि मी खातरजमा न करता त्यांचं खातं काढून टाकलं. तीन महिन्यांनी ते परत आले. त्याच नावाचं, त्याच स्पेलिंगचं नवं खातं करून दिलं, पण त्यांची एकही फाईल उघडेना. क्रमांक नवा होता. डिरेक्टरीच्या लेखी तो कोणी परका माणूस. पुसलेलं खातं जसंच्या तसं परत आणायची सोय त्या सर्व्हरमध्ये होती, पण ती आधी चालू करून ठेवावी लागते आणि मी केली नव्हती. एकेका फोल्डरवर हक्क पुन्हा लिहीत दोन दिवस बसलो. तेव्हापासून मी खातं कधी पुसलं नाही. बंद करतो, पुसत नाही.

दुसरी गोष्ट हळूहळू उमगली. हक्क माणसाला द्यायचे नाहीत, खुर्चीला द्यायचे. डिरेक्टरीत गट करता येतात : नांदेड-वसुली, लातूर-रोख, लातूर-कर्ज. फोल्डरवर गटाचं नाव लिहायचं आणि माणसाला गटात बसवायचं. बदली झाली की एका गटातून उठवून दुसऱ्यात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण आमच्याकडे एक गृहस्थ दहा वर्षांत पाच टेबलं फिरले होते आणि प्रत्येक टेबलाचे हक्क त्यांच्या अंगाला चिकटून राहिले होते. कर्ज मंजूर करणारा आणि रक्कम देणारा एकच माणूस नसावा, हे बँकिंगमधलं पहिलं तत्त्व. कागदावर ते पाळलं जात होतं, फोल्डरांवर नव्हतं. ते स्वतः सज्जन होते. मी हक्क काढायला गेलो तेव्हा मात्र दुखावले. "माझ्यावर विश्वास नाही का?" यावर उत्तर द्यायला मला वेळ लागला. मी म्हटलं, "साहेब, उद्या काही झालं तर तुमचं नाव यायलाच नको, म्हणून." ते थोडा वेळ बसले आणि म्हणाले, "काढा."

लातूरला सर्व्हर नेला तो २०१३ च्या डिसेंबरात. तोवर लातूरचं प्रत्येक लॉगिन नांदेडला विचारून व्हायचं आणि रस्त्याचं काम चालू असलं की जेसीबी कुठेतरी केबल तोडायचा. गोधडीत गुंडाळलेला सर्व्हर गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून आम्ही लोहा, अहमदपूर, चाकूर करत निघालो. माळेगावला खंडोबाची यात्रा भरली होती. घोडे, उंट, गर्दी यांतून गाडी मुंगीच्या पावलांनी सरकली आणि मी सबंध वेळ एक हात मागे टाकून सर्व्हर धरून होतो.

तो सर्व्हर 'फक्त वाचायचा' होता. शाखांसाठी हा प्रकार मायक्रोसॉफ्टने २००८ च्या सर्व्हरपासून आणला. यादीची प्रत शाखेत असते, पण तिथे बसून यादीत काही बदलता येत नाही, आणि पासवर्डही आपण परवानगी दिलेल्या माणसांचेच तिथे साठतात. सर्व्हर चोरीला गेला तर कोणाचे पासवर्ड त्यावर होते ते नांदेडहून कळतं, तेवढे बदलले की झालं. लातूरच्या शाखेत सर्व्हरला कुलपाची खोली नव्हती, तो स्टेशनरीच्या कपाटामागे ठेवायचा होता. म्हणून ही निवड. पण व्यवस्थापकांना ती समजावताना मी चुकलो. 'फक्त वाचायचा' हे शब्द ऐकताच त्यांचा चेहरा बदलला. "म्हणजे लातूरनं नुसतं वाचायचं? लिहायचा अधिकार नांदेडलाच?" महसूल आयुक्तालय नांदेडला व्हावं की लातूरला, हा दोन्ही जिल्ह्यांतला जुना वाद आहे. त्या वादाचं सगळं वजन त्या प्रश्नात होतं. मी त्यांना कपाट दाखवलं. म्हटलं, इथे कुलपाची खोली करा, मी लिहायचा सर्व्हर आणून देतो. त्यांनी ते लक्षात ठेवलं.

२०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. देशभर त्या गाडीचे फोटो छापून आले. मला तो उन्हाळा डिरेक्टरीतून आठवतो. प्रत्येक युजरला लॉगिनची वेळ ठरवून देता येते. मी सकाळी नऊ ते रात्री आठ ठेवली होती आणि त्या बंदोबस्ताचा मला अभिमान होता. एके दिवशी सकाळी सव्वासातला फोन आला : "सर, आत घेईना गेलंय." टँकर दुपारी गल्लीत यायचा, कधी येईल याचा नेम नसायचा, आणि घरी कोणी नसलं की घागरी रिकाम्या राहायच्या. म्हणून शाखेने आपसांत ठरवून कामाची वेळ सकाळी ओढली होती. मला कोणी कळवलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. दीडशे किलोमीटरच्या आतल्या गावाला पाणी नाही, आणि मी नांदेडला गोदावरीकाठी बसून त्यांना नऊच्या आत कामाला बसू देत नव्हतो. त्याच मिनिटाला वेळ सहापासून केली. त्यानंतर महिन्यातून एकदा, काही अडलं नसलं तरी, मी लातूरला फोन करून विचारायचो : काही बदललंय का?

फोनची बाकीची कारणं ठरलेली. दिवाळीच्या सुटीत शाखेचा मुख्य खटका बंद करून जायचे. पाडवा-भाऊबीज उरकून परत आले तर दोन जुनी यंत्रं उघडेनात. तारीख-वेळेत फरक आहे, असा संदेश. त्यांच्या आतला बटणासारखा गोल सेल संपला होता, त्यामुळे यंत्रं कुठल्यातरी जुन्या सालात जाऊन बसली होती. सर्व्हर आणि कॉम्प्युटर यांच्या घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की तिकिटाचा व्यवहार अडतो. कोणी तिकीट चोरून नंतर वापरू नये म्हणून ही अट आहे. सेल बदलले, आणि तेव्हापासून दर दसऱ्याला शस्त्रपूजेआधी सगळ्या जुन्या यंत्रांचे सेल तपासायची रीत पडली.

त्याहून जास्त फोन कळफलकाचे. ठरावाचं टायपिंग मराठीत चालायचं. मध्येच चहाला उठताना स्क्रीन लॉक केली की परत येऊन लोक पासवर्ड टाकायचे, तो मराठी कळफलकावरून. समोर ठिपकेच दिसतात, अक्षर कळत नाही. चार-पाचदा चुकलं की खातं अर्ध्या तासासाठी कुलूपबंद. माणूस शपथेवर सांगायचा की पासवर्ड बरोबर आहे, आणि तो खरंच बरोबर असायचा. कोपऱ्यातली भाषेची खूण आधी पाहायची, हे मी कागदावर लिहून प्रत्येक टेबलावर चिकटवलं. दर ४२ दिवसांनी पासवर्ड बदलायची मूळ अट मी आधी इमानाने लागू केली होती. त्यातून पासवर्डच्या शेवटी एक, दोन, तीन लागत गेले आणि कळफलकाखाली चिठ्ठ्या आल्या. २०१७ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेनेच, एनआयएसटीने, सांगितलं की कारण नसताना ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, त्याऐवजी तो लांब असू द्या. ते वाचून मी सचिवांकडून ठराव करून घेतला : घरातल्या चार शब्दांची ओळ, एकमेकांशी संबंध नसलेले शब्द, आणि गळती झाल्याशिवाय बदल नाही. चिठ्ठ्या दोन महिन्यांत गेल्या.

२०१८ च्या मार्चअखेरीस लातूरच्या कर्ज विभागातलं एक सबंध फोल्डर नाहीसं झालं. व्यवस्थापकांचा आवाज चढला होता आणि नाव एका नव्या मुलीचं घेतलं जात होतं, कारण ती आदल्या दिवशी उशिरापर्यंत थांबली होती. मी नोंदी उघडल्या. आता प्रत्येक ओळीपुढे माणूस होता. आदल्या संध्याकाळी एका जुन्या अनुभवी कारकुनांच्या लॉगिनमधून ते फोल्डर शेजारच्या फोल्डरात सरकलं होतं. हातातला माऊस निसटला की होतं तसं. ते तिथेच होतं, अख्खं. अर्ध्या तासात सगळं मिटलं. कारकुनांनी स्वतःहून त्या मुलीची माफी मागितली.

त्या रात्री मी पुण्याला फोन लावला. वसुली विभागातल्या त्या मुलाचा नंबर माझ्याकडे होता, सात वर्षांत कधी लावला नव्हता. काय बोलायचं ते नीट सुचेना. लातूरला आज असं असं झालं, एवढं सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बरं झालं सर. तिला तरी सुटता आलं."

जानेवारी २०२० मध्ये आमच्या जुन्या सर्व्हरची कंपनीकडून मिळणारी देखभाल संपणार होती, म्हणून आदल्या दिवाळीत दोन्ही ठिकाणी नवे बसवले. लातूरच्या व्यवस्थापकांनी स्टेशनरीची कपाटं हलवून खोली केली होती. लोखंडी दार, कुलूप, एसी, सगळं. किल्ली हातात देत म्हणाले, "बोलला होता तुम्ही." लातूरचा नवा सर्व्हर लिहायचा बसवला. आता नवा माणूस लातूरला लागला की त्याचं खातं लातूरलाच उघडतं आणि पंधरा मिनिटांच्या आत ते नांदेडला दिसतं. मूळ मुदत तीन तासांची असते, मी ती कमीत कमी जेवढी करता येते तेवढी केली. कारण कोणाचं खातं नांदेडला बंद केल्यावर ते लातूरला तीन तास उघडं राहणं मला पटत नव्हतं.

एसटीच्या पासवरून शाखेला तिकीट समजावणाऱ्या लातूरच्या त्या मॅडम पुढे रोखपाल झाल्या आणि २०२२ मध्ये महिनाअखेरीस निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमाला मी गेलो होतो. पाच वाजता त्यांनी रोख मोजून चार्ज दिला, तिजोरीच्या रजिस्टरवर सही केली आणि मला म्हणाल्या, "आता माझं नाव काढणार का?" म्हटलं, "काढत नाही मॅडम. बंद करतो." त्यांना ते पाहायचं होतं. सर्व्हरच्या खोलीत खुर्ची ओढून बसल्या. लातूर-रोख या गटातून त्यांना उठवलं, नव्या रोखपालांना बसवलं. मग त्यांच्या नावावर येऊन खातं बंद केलं. नावाच्या चित्रावर खाली वळलेला एक बारका बाण आला. नाव तिथेच होतं, नवऱ्याच्या नावासकट, त्यांनी फॉर्मवर लिहून दिलं होतं तसं. त्यांनी चष्मा वर करून ते वाचलं. "आडनाव बरोबर आहे," म्हणाल्या, आणि घरी जायला उठल्या.